वळणाचे पाणी : मोटारीच्या हीटरच्या दोन नळ्यांचा इतिहास



इतिहासावरील व्याख्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह, लढाया आणि बखरी उभ्या राहतात. आजच्या विषयात यांपैकी काहीच नाही. जुन्या मोटारीच्या इंजिनापासून निघून बसणाऱ्याच्या पायांपाशी असलेल्या हीटरपर्यंत जाणारी एक रबरी नळी, आणि तेथून इंजिनाकडे परत येणारी दुसरी, एवढाच या कथेचा पसारा आहे. या नळ्या कोठून काढाव्यात आणि कोठे जोडाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता कारखान्यातल्या मिस्त्रीचा आहे. त्याला व्यासपीठावर आणण्याचे कारण असे की, त्याचे उत्तर केवळ पान्याने मिळत नाही. त्यासाठी त्या इंजिनाचा इतिहास माहीत असावा लागतो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारी पुन्हा चालत्या करण्याचा छंद आज आपल्याकडेही वाढला आहे. अशी गाडी हाती येते तेव्हा तिच्या मूळच्या नळ्या बहुधा कुजून गेलेल्या असतात, किंवा मधल्या कोणा मालकाने हीटर काढून टाकून भोके बुजवलेली असतात. मग जेथे तोंड दिसेल तेथे नळी चढवली जाते. गाडी सुरू होते म्हणून सर्वांना आनंद होतो. पुढे हीटर थंडगार राहतो, किंवा इंजिन तापू लागते, किंवा एखाद्या चढावर नळी फुटून उकळते पाणी अंगावर येते. ‘वळणाचे पाणी वळणावरच जाणार’ असे आपली म्हण सांगते. ते वळण कोणी, केव्हा आणि का घातले, हे आज आपण पाहू.

आरंभ उष्णतेपासून केला पाहिजे. पेट्रोल जाळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातील ढोबळ मानाने पाव हिस्साच जुन्या इंजिनांत चाके फिरवण्याच्या कामी येत असे. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर बाहेर जाई, आणि जवळजवळ तेवढाच सिलिंडरांच्या भिंतींतून पाण्यात उतरे. ही उष्णता काढून घेतली नाही तर वंगणाचे तेल जळून जाईल आणि दट्ट्या सिलिंडरात घट्ट बसेल. म्हणजे मोटारीच्या इंजिनाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : तापवायचे, आणि तापलेले थंडही करायचे. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी स्थिती येथे चालत नाही. आग आणि पाणी एकाच ओतीव लोखंडात, बोटभर अंतरावर नांदवावी लागतात.

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचे पाणी तापून उकळे, त्याची वाफ निघून जाई, आणि कमी झालेले पाणी वरून भरावे लागे. ही रीत ओबडधोबड वाटते, पण तिच्यात शास्त्र होते. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत नेण्यास १०० कॅलरी उष्णता पुरते. त्याच ग्रॅमची वाफ करण्यास मात्र आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणून वाफ जाताना पुष्कळ उष्णता घेऊन जाते. अडचण इतकीच की ती पाणीही घेऊन जाते.

या अडचणीचा पुरेपूर अनुभव बेंझच्या पत्नीने घेतला. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला मोटारीने गेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत वीसलोख येथील औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. परंतु इंधनापेक्षाही वारंवार लागले ते पाणी, आणि ते मिळेल तेथून घेऊन भरावे लागले. जगातील पहिला लांबचा मोटारप्रवास हा असा पाणवठ्यापाणवठ्याने झाला. उष्णता काढायची पण पाणी राखायचे, हा पुढच्या बारा वर्षांचा प्रश्न त्या प्रवासाने उघड केला.

त्याचे उत्तर विल्हेल्म मायबाख याने दिले. डाइमलर कारखान्यासाठी त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला, आणि १९०१ सालच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीस गाडीवर तो जगापुढे आला. सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८,०७० बारीक नळ्या त्यात एकत्र जुळवल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटींतून पाणी वाहे. पूर्वीच्या गाडीत अठरा लिटर पाणी लागे, तेथे नऊ लिटरांत भागू लागले. पाणी आता खर्च होईनासे झाले. ते इंजिनातून रेडिएटरात आणि रेडिएटरातून इंजिनात फिरू लागले. आपल्या दोन नळ्यांची कथा खऱ्या अर्थाने येथे सुरू होते, कारण पाणी फिरू लागले म्हणजे त्याला मार्ग आला, आणि मार्ग आला म्हणजे त्यावर फाटे काढता येतात.

पाणी फिरवण्याच्या रीती दोन होत्या. पहिली आपल्या घरातील तांब्याच्या बंबासारखी. बंबाच्या मधल्या नळकांड्यात निखारे असतात, त्याला लागून असलेले पाणी तापते, हलके होऊन वर चढते, आणि गार पाणी तळाशी राहते. इंजिनाचे तसेच. तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरच्या माथ्याशी जाते, निवते, जड होऊन खाली उतरते आणि तळच्या नळीने परत इंजिनात शिरते. या रीतीस थर्मोसायफन म्हणतात. हेन्री फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. तिच्या आरंभीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता, नंतर तो काढून टाकण्यात आला, आणि १९२७ पर्यंत निघालेल्या दीड कोटी गाड्यांपैकी बाकी साऱ्या या आपोआप फिरणाऱ्या पाण्यावरच चालल्या. दुसरी रीत पंपाची. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा छोटा पंप रेडिएटरच्या तळचे निवलेले पाणी ओढतो आणि इंजिनात ढकलतो. इंजिने जसजशी बळकट होत गेली तसतशी ही रीत सार्वत्रिक झाली. १९२८ च्या मॉडेल ए गाडीत फोर्डनेही पंप स्वीकारला.

हा फरक लक्षात ठेवावा. बंबाच्या रीतीत पाण्याला ढकलणारा जोर फार दुबळा असतो, तर पंपाच्या रीतीत एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला ओढ अशी स्पष्ट दोन टोके तयार होतात. हीटरच्या नळ्यांचा सारा न्याय या दोन टोकांवर अवलंबून आहे.

आता गाडीत बसणाऱ्या माणसांकडे वळू. पहिल्या वीस वर्षांत मोटारी बहुतांशी उघड्याच होत्या. युरोप-अमेरिकेतील हिवाळ्यात माणसे जाड घोंगड्या पांघरून, लोकरी मोजे चढवून, पायांखाली निखाऱ्याची किंवा तापवलेल्या विटांची पेटी ठेवून प्रवास करीत. ही पेटी घोडागाडीच्या काळापासून चालत आलेली होती. उघड्या गाडीत ऊब साठवणार तरी कोठे? पुढे बंद गाड्या स्वस्त झाल्या. अमेरिकेत १९१९ साली दहांतली जेमतेम एक गाडी बंद असे, आणि १९२७ पर्यंत हे प्रमाण दहांत आठांच्याही पुढे गेले. गाडीला चार भिंती आणि छप्पर आल्यावर आत चूल हवी असे वाटणे ओघानेच आले.

सर्वांत जवळची चूल होती धुराची नळी. इंजिनाच्या तप्त एक्झॉस्टभोवती पत्र्याचे आवरण घालायचे, त्यातून वारा न्यायचा, आणि तो तापलेला वारा भोकावाटे गाडीत सोडायचा. मॉडेल टीसारख्या पंप नसलेल्या गाड्यांना हाच उपाय सोयीचा होता. पाण्याच्या दुबळ्या प्रवाहाला हीटरचा फेरा घालायला लावणे अवघड असते. धुराची उष्णता मात्र लवकर आणि भरपूर मिळे. परंतु या चुलीत एक वैरी दबा धरून बसलेला असे. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. तापून-निवून धुराच्या नळीला तडा गेला, किंवा तिचा जोड सैल झाला, की उबेबरोबर हा वायूही बंद गाडीत येई. काचा लावून बसलेल्या माणसाला आधी डोके जड झाल्यासारखे वाटे, मग झोप येई, आणि ती झोप शेवटची ठरू शके. ऊब देणारी गोष्टच जीव घेऊ शकत होती. हीटरसाठी पाण्याची नळी वापरावी असे जे ठरले, त्यामागे सोयीबरोबर हा धोकाही होता. पाण्याची नळी फुटली तर ती ओली दिसते, वाफ येते, वास येतो. ती आपला दोष लपवीत नाही.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गरम पाण्याचे हीटर बाजारात आले. एक छोटा रेडिएटर, त्यामागे विजेचा छोटा पंखा, आणि हे सारे डॅशबोर्डाखाली टांगलेले. प्रथम हे हीटर गाडीबरोबर येत नसत. ते निराळे विकत घेऊन बसवावे लागत, आणि बसवणारा गावचा मिस्त्री असे. म्हणून एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांत नळ्या निरनिराळ्या दिसू लागल्या. आजच्या घोटाळ्याचे मूळ असे त्या काळात आहे. १९३८ साली नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा आत घेऊन, ती गाळून व पाण्याच्या हीटरवर तापवून गाडीत सोडण्याची योजना आणली. आता आतल्या हवेचा दाब किंचित वाढे, त्यामुळे फटींतून गार वारा आत शिरेना. आजच्या गाड्यांतील हीटरची मूळ कल्पना तीच आहे.

ऊब ही चैन आहे असे पुष्कळांना वाटे. इंग्लंडात १९५० च्या दशकातही मॉरिस मायनरसारख्या गाडीला हीटर हवा असल्यास वेगळे पैसे मोजावे लागत. परंतु थंड प्रदेशात समोरच्या काचेवर आतून बाष्प आणि बाहेरून हिम जमते, आणि न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी हाकणे हा आपल्या व दुसऱ्याच्याही जिवाशी खेळ होतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९६८ पासून नव्या मोटारींत काच स्वच्छ ठेवणारी व्यवस्था सक्तीची केली. पायांना ऊब देणाऱ्या दोन नळ्या अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आल्या.

आता त्या नळ्या नेमक्या कशा जाव्यात ते पाहू. इंजिनात थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन थंड असताना ती मिटलेली राहते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ठरलेले तापमान आले की उघडते. यामुळे इंजिन लवकर तापून कामाला लागते. हीटरसाठी गरम पाणी घ्यायचे ते या झडपेच्या अलीकडून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने. सिलिंडर हेडचा मागचा भाग किंवा थर्मोस्टॅटच्या घराखालची जागा ही त्याची ठिकाणे. तेथे पाणी गरम असते आणि त्यावर पंपाचा दाबही असतो. झडपेच्या पलीकडून नळी काढली तर इंजिन तापेपर्यंत तिच्यात पाणी येणारच नाही, आणि थंडीच्या सकाळी नेमकी तेव्हाच उबेची गरज असते.

परतीची नळी पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडायची : पंपावरच त्यासाठी तोंड असेल तर तेथे, नाहीतर रेडिएटरच्या तळच्या नळीला असलेल्या फाट्यावर. एक टोक दाबाकडे आणि दुसरे ओढीकडे असले म्हणजे पाणी हीटरमधून वाहते. शेताला पाट काढताना आपण पाणी उंचावर धरतो आणि उताराला सोडतो. येथे जमिनीच्या उताराऐवजी दाबाचा उतार आहे, इतकेच.

चुकीचे जोड तीन प्रकारचे आढळतात. पहिला, दोन्ही टोके दाबाकडे जोडणे. दोहोंकडे सारखाच जोर, त्यामुळे पाणी जागच्या जागी उभे राहते आणि हीटर थंड. दुसरा, दोन्ही टोके ओढीच्या बाजूला जोडणे. फळ तेच, आणि शिवाय पाणीही निवलेले. तिसरा अधिक फसवा आहे. परतीची नळी रेडिएटरच्या माथ्याशी जोडली की हीटर गरम होतो, म्हणून काम फत्ते झाले असे वाटते. पण थर्मोस्टॅट मिटलेला असतानाही पाणी आता हीटरच्या वाटेने रेडिएटरात निसटते. पुढचे दार बंद आणि मागचे उघडे, अशी गत होते. इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल अधिक जळते, आणि गाडी चालत असल्यामुळे दोष कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हीटरच्या बाजूला दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर काय होईल, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. बहुतेक जुन्या हीटरांत ऊब तरीही मिळेल, कारण आतली जाळी दोन्ही दिशांनी पाणी नेते. परंतु पाणी खालच्या तोंडाने आत आणि वरच्या तोंडाने बाहेर असे गेले तर आत अडकलेली हवा त्याबरोबर निघून जाते. उलट जोडल्यास हवा माथ्याशी अडून बसते आणि अर्धा हीटर थंड राहतो. तेव्हा येथे नियम सोयीचा आहे, इंजिनाच्या बाजूला मात्र तो अनिवार्य आहे.

इतका साधा नियम असताना इतिहास कशाला हवा? त्याचे उत्तर फोर्डच्या प्रसिद्ध व्ही-८ इंजिनाने मिळते. हे इंजिन १९३२ साली आले. एवढ्या स्वस्त गाडीत आठ सिलिंडरांचे इंजिन यापूर्वी कोणी दिले नव्हते. परंतु त्याची धुराची वाट ब्लॉकच्या पोटातून, पाण्यामधून जात होती, त्यामुळे पाणी नको तितके तापे. शिवाय त्याचे दोन पंप सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला, म्हणजे गरम पाण्याच्या बाजूला होते. ते तापलेले पाणी ओढून रेडिएटरच्या माथ्याशी टाकीत. उकळीच्या जवळ आलेल्या पाण्याला ओढ लावली की त्याची तेथेच वाफ होऊ लागते, आणि वाफ पंपात शिरली की पंपाची पकड सुटते. ही इंजिने तापतात अशी ख्याती झाली. १९३७ साली फोर्डने पंप तेथून काढून ब्लॉकच्या पुढे खालच्या अंगाला बसवले. आता ते निवलेले पाणी ओढून इंजिनात ढकलू लागले. बाहेरून इंजिन जवळजवळ तेच दिसते, पण त्यातील दाबाची आणि ओढीची ठिकाणे बदलली. १९३७ नंतरच्या गाडीचे चित्र पाहून १९३४ च्या गाडीला नळ्या जोडणारा माणूस नियम पाळूनही चुकतो, कारण तो नियम त्या सालचा नसतो.

दुसरे उदाहरण शेव्हरोलेच्या १९५५ सालच्या व्ही-८ इंजिनाचे. त्यात गरम पाणी पुढच्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डवरील तोंडातून निघते आणि पंपावरील तोंडाकडे परत येते. जाणारी नळी पाच अष्टमांश इंच आतील व्यासाची, येणारी पाऊण इंचाची. आत येताना वाट अरुंद आणि बाहेर जाताना रुंद ठेवली म्हणजे हीटरच्या नाजूक जाळीवर दाब तुंबत नाही. दोन्ही नळ्या एकाच मापाच्या मिळाल्या म्हणून तोंडे बदलून टाकणाऱ्यास हा हेतू कळलेला नसतो. इंजिन आपल्याशी बोलत असते. नळीचे माप हे त्याचे एक वाक्य आहे.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक ओळखीचे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेच्या इंजिनात हीटरचे पाणी सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाहून एका नळावाटे निघते, आणि परतीचे पाणी रेडिएटरच्या तळच्या नळीला येऊन मिळते. एमजीबी या गाडीत परतीसाठी धातूची नळी इंजिनावरून आडवी नेलेली दिसते. याच मालिकेचे १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आपल्या हिंदुस्थान ॲम्बॅसडर गाडीत वर्षानुवर्षे धडधडत होते. ही गाडी १९५८ साली मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून सुरू झाली आणि बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत निघत राहिली. महाराष्ट्राच्या हवेत हीटरचे काम नव्हते. जेथे हीटर नसे तेथे हेडवरील ती जागा एका लहान झाकणाने बुजवलेली असे. इंग्लंडातल्या थंडीसाठी ठेवलेली ती खिडकी आपल्या उन्हात बंद करावी लागली. झाकण काढून पाहणाऱ्याला मात्र तिच्यामागचे थंडीचे दिवस दिसावेत.

आणि तरीही हीटरचा एक उपयोग आपल्याकडच्या घाटांनी शिकवला आहे. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. बोर घाटाच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर, वैशाखाच्या दुपारी, तापमानाचा काटा वर जाऊ लागला आणि गाडीला हीटर असला, तर तो पंख्यासह पूर्ण उघडल्याने इंजिनाची काही उष्णता निघून जाते. आत बसलेल्यांना घाम फुटतो, पण इंजिन वाचते. अर्थात नळ्या बरोबर जोडलेल्या असतील तरच. चुकीच्या जोडणीत हा उपाय हातात असून नसल्यासारखा होतो.

नळीचा मार्ग म्हणजे केवळ दोन टोके नव्हेत. मधली वाटही तितकीच महत्त्वाची. रबर तप्त एक्झॉस्टजवळून नेऊ नये, ते भाजून कडक होते. फिरता पट्टा, पंख्याची पाती आणि पत्र्याची धारदार कड यांपासून नळी दूर बांधावी, आणि पत्र्याच्या भोकातून जाताना तिला रबरी कडे घालावे. इंजिन रबरी बैठकांवर असते व सुरू होताना आणि गिअर बदलताना हलते. म्हणून नळी ताणून बसवू नये, थोडी सैल ठेवावी. पण इतकीही सैल नको की मध्ये उंटाच्या पाठीसारखी उंच कमान होईल, कारण त्या कमानीत हवा अडकते आणि हवेचा तो बुडबुडा पाण्याची वाट अडवतो. वळण फार आवळ असेल तर सरळ नळी मोडून चपटी होते. तेथे साच्यात वळवलेली नळीच घालावी. पाणी भरताना हीटरचा नळ उघडा असावा आणि गाडीचे तोंड किंचित उंचावर असावे, म्हणजे हवा वर येऊन निघून जाते.

थंड देशांतील लोकांना आणखी एक गोष्ट जपावी लागली. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडही फोडते. म्हणून हिवाळ्याच्या रात्री पाणी काढून टाकण्याची चाल होती. हीटर आल्यावर ती अपुरी पडली. रेडिएटरचा व ब्लॉकचा नळ उघडला तरी हीटरच्या जाळीतील पाणी तेथेच राहते, अशी सूचना इंग्लिश गाड्यांच्या पुस्तिकांत असे, आणि अशा गाडीत गोठणरोधक द्रव घालणे भाग आहे असेही त्यात सांगितलेले असे. आधी यासाठी मद्यार्क वापरीत, पण तो उडून जाई. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इथिलीन ग्लायकॉल आले, ते टिकले. हे द्रव गोडसर आणि विषारी असते. ते जमिनीवर सांडू देऊ नये, मुलांच्या आणि जनावरांच्या वाट्याला येऊ देऊ नये.

शेवटची सावधगिरी झाकणाची. आरंभीच्या रेडिएटरांत दाब धरून ठेवण्याची योजना नव्हती. पुढे दाबाची झाकणे आली. चौरस इंचाला पंधरा पौंड जादा दाब असेल तर साधे पाणी १०० ऐवजी सुमारे १२१ अंशांवर उकळते. नव्या गाडीला हे वरदान आहे. परंतु दाब नसलेल्या काळातील हीटरवर असे झाकण लावले तर त्याचे जुने डाख उकलू शकतात, आणि ते उकलतात बसणाऱ्याच्या पायांपाशी. जुन्या भांड्याला नव्या काळाचा जोर सोसवेलच असे नाही.

श्रोतेहो, एवढ्या तपशिलातून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. जुने यंत्र हा एक दस्तऐवज आहे. जुन्या कागदावरची ओळ न समजल्यामुळे कोणी खोडून आपल्या मनाची ओळ लिहिली तर आपण त्यास इतिहाससंशोधन म्हणणार नाही. तोच न्याय इंजिनाला लावावा. हेडवरचे प्रत्येक तोंड, प्रत्येक बुजवलेले भोक, नळीचे प्रत्येक माप कोणीतरी काही कारणाने ठरवलेले आहे. नळी चढवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : या सालच्या इंजिनात पंप कोठून ओढतो? थर्मोस्टॅट कोठे बसतो? आणि त्याच्या अलीकडे गरम पाण्याचे तोंड कोणते? या तिहींची उत्तरे मिळाली की नळ्यांचा मार्ग आपोआप ठरतो.

हे प्रश्न न पुस्तक पाहता विचारणारे आणि हाताने नळी चाचपून उत्तर सांगणारे मिस्त्री आपल्या गावोगाव होते. जाणारी नळी गरम आणि येणारी कोमट असली की त्यांचे समाधान होई. दोन्ही थंड लागल्या की ते जोड उलगडून पाहत. त्यांपैकी पुष्कळ आता थकले आहेत, आणि त्यांची विद्या बहुतांशी कागदावर उतरलेली नाही. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी ती दुरुस्त करून घेताना शेजारी बसावे, विचारावे आणि लिहून ठेवावे. यंत्र टिकेल न टिकेल. ते का तसे आहे हे ज्ञान मात्र टिकवता येते.

आणि हे ज्ञान जुनाट झाले असेही कोणी समजू नये. विजेवर चालणाऱ्या मोटारी आता रस्त्यावर आल्या आहेत. त्यांच्या मोटरला पेट्रोलच्या इंजिनाइतकी उष्णता वाया घालवता येत नाही, हा त्यांचा गुण आहे. पण थंड प्रदेशात तोच गुण अडचणीचा होतो. गाडीत ऊब आणायची तर बॅटरीतली वीज खर्चावी लागते आणि गाडीचा पल्ला घटतो. म्हणून त्या गाड्यांतही पंप, झडपा आणि नळ्या यांची जुळणी करून जेथून मिळेल तेथून उष्णता गोळा करण्याची धडपड चालू आहे. बेर्टा बेंझच्या वेळी जी उष्णता वाफ होऊन आकाशात जात होती, तिचा थेंबन्‌थेंब आज मोजून वापरला जात आहे. पाणी कोठून घ्यावे आणि कोठे सोडावे हा प्रश्न १८८८ साली होता, आजही आहे, आणि त्याचे उत्तर देणाऱ्याला पाण्याचे वळण ओळखावेच लागेल.